स्तनांतील गांठ आणि तिची छाया

नरक-चतुर्दशीचें अभ्यंगस्नान आपल्या घरांतून अजून टिकून आहे. वर्षांतून निदान एक दिवस तरी घरांतील प्रत्येक स्त्रीच्या अंगास तेल व उटणें लागतें, आणि एरव्हीं घाईघाईनें दोन तांबे अंगावर घेणाऱ्या गृहिणीचा हात त्या दिवशीं आपल्याच शरीरावरून सावकाश फिरतो. समजा, अशाच एका पहाटे इंदापूर तालुक्यांतील एका नांदत्या घरांतल्या धाकट्या सूनबाईंच्या हातास डाव्या स्तनांत एक गांठ लागली. वय चाळिशीच्या जवळपास, दोन मुलें, गांठ सुपारीएवढी, आणि दुखत मुळींच नाहीं. बाहेर फराळाचीं ताटें मांडलेलीं, पाहुणे आलेले, माजघरांत मोठ्या जाऊबाईंची लगबग चाललेली. अशा वेळीं सूनबाई काय करतील हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. त्या पदर सांवरून बाहेर येतील, भाऊबीज होऊं देतील, मग तुळशीचें लग्न, मग पुतणीच्या परीक्षा. आणि "दुखत तर नाहीं ना, मग राहूं दे," ही आपल्या घरांतील जुनी समजूत त्यांस महिनोंमहिने पुरेल.

ही समजूत नेमकी उलटी आहे. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं; म्हणून न दुखणें ही निर्धास्त राहण्याची खूण नव्हे. पण त्याच दमांत दुसरेंही सांगितलें पाहिजे. स्तनांत हातास लागणाऱ्या गांठींपैकीं बहुसंख्य गांठी कर्करोगाच्या नसतात. या दोन सत्यांच्या मधल्या अरुंद वाटेवर आपल्या घरांतील स्त्री उभी असते. पाऊल इकडे पडलें तर दडवणूक, तिकडे पडलें तर "काढूनच टाका एकदाचें" असा उतावीळपणा. प्रस्तुत लेखांत कर्करोगाचें वर्णन करावयाचें नाहीं. ज्या गांठी निरुपद्रवी, आणि त्यांतही विरळा आढळणाऱ्या, त्या मॅमोग्राफींत व सोनोग्राफींत कशा दिसतात, आणि त्यांपैकीं कांहीं आपल्या रूपानें जाणत्या डॉक्टरांसही कशा चकवितात, एवढेंच सांगावयाचें आहे. विषय संकोचाचा खरा. परंतु त्या संकोचाची किंमत एकट्या स्त्रीस द्यावी लागते, म्हणून हा लेख घरांत चारचौघांत वाचला गेला तर आम्हांस समाधानच वाटेल.

या विद्येचा इतिहास थोडक्यांत असा. राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरांत लागला. बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यांनीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या सुमारें ३,००० स्तनांचीं क्ष-किरण चित्रें घेऊन तीं प्रत्यक्ष कापलेल्या भागाशीं ताडून पाहिलीं, आणि आपले निष्कर्ष १९१३ सालीं प्रसिद्ध केले. जिवंत स्त्रीच्या स्तनाचें स्वच्छ चित्र मिळण्यास मात्र पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. उरुग्वे देशांतील राऊल लेबोर्न यांनीं स्तन दाबून धरून चित्र घेण्याचें महत्त्व ओळखलें, आणि अमेरिकेंत ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनीं १९६० मध्यें अशी कृति सांगितली कीं, ती कोणत्याही दवाखान्यांत सारखीच वठावी. आज यंत्राच्या दोन तबकड्यांमध्यें कांहीं क्षण स्तन दाबला जातो व स्त्रिया त्याबद्दल कुरकुर करतात, त्यांत तथ्य आहे, दुखतें खरें. पण न दाबतां काढलेल्या चित्रांत एकावर एक पडलेल्या छाया गोंधळ माजवितात. ध्वनिलहरींचा उपयोग त्याहून अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत मिनेसोटा येथें जॉन वाइल्ड व त्यांचे सहकारी जॉन रीड यांनीं १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत स्तनांतील गांठी आवाजानें ओळखण्याचे पहिले प्रयोग केले.

या दोन परीक्षांची दृष्टि निरनिराळी आहे, आणि ही गोष्ट नीट ध्यानांत घेतल्याशिवाय पुढचें समजणार नाहीं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचें क्ष-किरण चित्र. त्यांत चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी व त्यांचे तंतु पांढरे दिसतात, आणि गांठही पांढरीच दिसते. उतारवयांत ग्रंथी आटून त्यांच्या जागीं चरबी येते. मग काळ्या पाटीवर खडूचा ठिपका उठावा तशी गांठ उठून दिसते. पण विशी-पंचविशींतल्या मुलीचा स्तन ग्रंथींनीं गच्च भरलेला असतो. तेथें गांठ शोधणें म्हणजे दुधांत पडलेली कवडी शोधणें. सोनोग्राफीस ही अडचण येत नाहीं. माणसाच्या कानास सेकंदास फार तर २०,००० कंपनांचा आवाज ऐकूं येतो. स्तनाच्या सोनोग्राफींत सेकंदास सुमारें एक कोटी कंपनांच्या लहरी आंत सोडतात व त्यांचे पडसाद टिपतात. पाण्याची पिशवी असेल तर ती स्वच्छ काळी दिसते, घन गांठ करड्या रंगाची दिसते, आणि आवाज गिळून टाकणारी कठीण गांठ आपल्यामागें अंधाराचा एक पट्टा टाकते. म्हणून तिशीच्या आंतील स्त्रीस प्रथम सोनोग्राफी, चाळिशीपुढें मॅमोग्राफी व तिच्या जोडीस सोनोग्राफी, मधल्या वयांत डॉक्टरांच्या विचारानें, अशी सामान्य वहिवाट आहे.

येथें बारामती-इंदापूरकडील घरांची एक खास अडचण आडवी येते. आपल्याकडे सोनोग्राफी हा शब्द उच्चारतांच सर्वांस गर्भ आठवतो. त्यास कारणही आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशांत सर्वप्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला; मग १९९४ चा मध्यवर्ती कायदा आला. आतां प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची सरकारदरबारीं नोंद असावी लागते, यंत्र वाटेल तेथें हलवितां येत नाहीं, आणि येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं अशी पाटी दर्शनी भागीं लावावी लागते. कायदा योग्यच आहे. मुलींचे प्राण वाचविण्यासाठीं तो हवाच होता. पण त्या पाटीचा एक अनपेक्षित परिणाम घरोघरच्या मनांवर झाला आहे. समजा, आपल्या सूनबाईंच्या त्या परीक्षेंतल्या पुतणीसच, एकोणीस वर्षांच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीस, स्तनांत गांठ आहे. तिला जी परीक्षा हवी ती सोनोग्राफीच, दुसरी नव्हे. पण अविवाहित मुलगी त्या पाटीखालच्या बांकावर बसली, आणि समोरून आत्याच्या ओळखीच्या कुणी काकू गेल्या, तर? मोरोपंतांच्या बारामतींत आज ऊंस कारखान्यांचें, कॉलेजांचें, वैद्यकीय शिक्षणाचेंही गांव वसलें असलें, तरी ही भीति अजून पुरती गेलेली नाहीं. येथें आईनें मुलीच्या शेजारीं बसावें, आणि कुणी विचारल्यास "छातींत गांठ आहे, ती पाहावयास आलों आहों," असें सरळ सांगावें. लपविण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

त्या पुतणीची गांठ बहुतकरून फायब्रोॲडिनोमा या जातीची निघेल. तरुण वयांत सर्वांत अधिक आढळणारी निरुपद्रवी गांठ ती हीच. बोटाखालीं ती गोटीसारखी निसटते. सोनोग्राफींत तिची आकृति लंबगोल, कडा गुळगुळीत, आणि ती त्वचेशीं समांतर, आडवी निजलेली दिसते. कर्करोगाची गांठ पुष्कळदा याच्या उलट, आजूबाजूच्या थरांस न जुमानतां उभी वाढते. हें आडवें-उभें लक्षण ऐकावयास अगदीं साधें. पण त्याच्या पाठीशीं मोठें काम आहे. अमेरिकेंतील डॉ. स्टाव्हरॉस व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं ७५० घन गांठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकृति, कडा, पडछाया, उभें-आडवें अशीं लक्षणें काटेकोरपणें लावून ज्या गांठी त्यांनीं सौम्य ठरविल्या, त्यांपैकीं पुढें दोनच कर्करोगाच्या निघाल्या. परीक्षा फार चांगली आहे, एवढें यावरून उघड होतें. परंतु ते दोन विसरतां येत नाहींत. हीच फायब्रोॲडिनोमाची गांठ म्हातारपणीं सुकते व तींत चुना सांचतो, तेव्हां मॅमोग्राफींत ती ज्वारीच्या लाह्यांसारखी फुललेली दिसते. असें रूप दिसलें कीं डॉक्टर निर्धास्त होतात.

आतां विरळा गांठींकडे वळूं. त्यांपैकीं कांहीं फार प्रामाणिक असतात; चित्रांत आपलें नांव स्वतःच सांगतात. हॅमार्टोमा नांवाची एक गांठ आहे. स्तनांत जें जें असतें, म्हणजे चरबी, ग्रंथी व तंतु, तेंच सर्व तींत असतें, फक्त एका पातळ वेष्टनांत बांधलेलें. जणूं स्तनांत आणखी एक लहानसा स्तन! इंदापूरकडील वाचकांनीं डाळिंबाची उभी फोड आठवावी: बाहेर सालीची बारीक रेषा, आंत दाण्यांचे पुंजके, मधून पांढुरके पडदे. मॅमोग्राफींत काळ्यापांढऱ्याचें असें मिश्रण वेष्टनासह दिसलें, तर बहुधा सुई टोंचण्याचेंही कारण उरत नाहीं. लायपोमा ही निव्वळ चरबीची गांठ. ती काळसर, पारदर्शक व रेखीव दिसते.

अंगावर पाजणाऱ्या आईस होणारी दुधाची गांठ, गॅलॅक्टोसील, ही तर गृहिणींस सर्वांत लवकर कळण्यासारखी आहे. दुधाची एखादी नळी तुंबून तेथें दूध सांचतें. पातेल्यांतील तापल्या दुधावर साय धरते त्याप्रमाणें या सांचलेल्या दुधांतील स्निग्धांश वर तरंगतो. उभें राहून काढलेल्या चित्रांत वर काळसर साय व खालीं पांढरें पाणी असा सरळ आडवा भेद दिसतो, आणि निदान जागच्या जागीं होतें. गरोदरपणीं किंवा अंगावर पाजतांना ॲडिनोमाचीही एक गांठ वाढते. पाजणें थांबलें कीं ती पुष्कळदा आपोआप लहान होते. गरोदर स्त्रीस गांठ झाली तर "बाळंतपण होऊं दे, मग पाहूं," असें सासूबाई म्हणतात. तें बरोबर नाहीं. सोनोग्राफींत क्ष-किरण नसतात, बाळास त्यापासून अपाय नाहीं, आणि गरोदरपणींही कर्करोग होऊं शकतो.

सर्वच गांठी इतक्या सरळ नसतात. फसवणूक दोन दिशांनीं होते. एक गांठ साधेपणाचें सोंग घेते, ती फिलॉडिस. योहानेस म्युलर या जर्मन पंडितानें १८३८ सालीं तिचें वर्णन केलें, आणि कापल्यावर आंतील भाग पानांच्या घड्यांसारखा दिसतो म्हणून तिला ग्रीक भाषेंतील पानावरून नांव दिलें. सोनोग्राफींत ती हुबेहूब फायब्रोॲडिनोमाप्रमाणें गुळगुळीत व लंबगोल दिसते. कधीं आंत बारीक भेगा किंवा पाण्याच्या फटी दिसतात, तेवढाच काय तो फरक. तिचें खरें लक्षण चित्रांत नसून काळांत आहे: ती झपाट्यानें वाढते. हिच्या बहुसंख्य गांठी सौम्यच असतात, पण कांहीं मधल्या प्रकारच्या व थोड्या घातकही असतात. शिवाय अर्धवट काढली तर ती त्याच जागीं पुन्हां उगवते. म्हणून तिच्याभोंवतींच्या निरोगी भागाची कड घेऊन ती काढावी लागते. "तीन वर्षांपूर्वीं डॉक्टर साधी गांठ म्हणाले होते," एवढ्यावर विसंबून वाढती गांठ अंगावर काढणाऱ्या भगिनींनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

दुसरी फसवणूक उलट दिशेची: गांठ निरुपद्रवी, पण रूप कर्करोगाचें. आतां आपल्या सूनबाईंकडे परत येऊं. समजा, मार्गशीर्षांत त्यांनीं आपल्या नणंदेस, बारामतींत शिक्षिका असलेल्या वन्संना, एकांतांत सांगितलें. आणि त्या शहाण्या बाईंनीं कोणाचा कौल न घेतां दुसऱ्याच दिवशीं त्यांस तपासणीस नेलें. मॅमोग्राफींत एक दाट पांढरा ठिपका दिसला, आणि त्यापासून चहूंकडे निघालेले बारीक किरण, जणूं चांदणीच. सोनोग्राफींत तीच गांठ उभी, कडा वेड्यावांकड्या, आणि मागें काळा पट्टा. अहवालाच्या तळाशीं लिहिलें होतें: बायरॅड्स ५.

या आंकड्याविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों, कारण त्यानें घरोघरीं अनर्थ केला आहे. बायरॅड्स ही अमेरिकेंतील क्ष-किरण तज्ज्ञांच्या संस्थेनें १९९३ सालीं घालून दिलेली, चित्राबद्दलच्या संशयाची श्रेणी आहे. ती रोगाची अवस्था नव्हे. १ म्हणजे चित्र निर्मळ. २ म्हणजे निश्चित निरुपद्रवी, जशी आपली डाळिंबाची फोड. ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, शंभरांत दोनांहून अधिक शंका नाहीं. सहा महिन्यांनीं पुन्हां पाहावें. ४ म्हणजे संशय, तुकडा तपासावा. ५ म्हणजे बळकट संशय. ० म्हणजे सर्व ठीक असें नव्हे. चित्र अपुरें आहे, आणखी काढावें लागेल. आणि ६ हा आंकडा ज्यांचा कर्करोग तुकडा तपासून आधींच सिद्ध झाला आहे त्यांच्यासाठीं. अहवालावरील ४ हा आंकडा पाहून "चौथ्या स्टेजचा कॅन्सर" असें समजून रडारड झालेलीं घरें आहेत, आणि ३ पाहून तिसरी स्टेज समजणारींही आहेत. स्टेज हा शब्द कर्करोग सिद्ध झाल्यावर, तो किती पसरला हें पाहून लावतात. या आंकड्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

तर सूनबाईंचा अहवाल घरीं आला. सासूबाई देवापुढें बसल्या. थोरले भावजी "उद्यांच मुंबईस टाटामध्यें जाऊं आणि संपूर्ण काढून टाकूं" म्हणाले. यजमान कांहींच बोलले नाहींत. अशा प्रसंगीं घरांतील कोणीही वाईट नसतें. पण शस्त्रवैद्यांनीं धीर धरून सांगितलें कीं, आधीं सुईनें तुकडा घेऊं. सोनोग्राफींत पाहत पाहत, जागा बधिर करून, जाडसर सुईनें गांठीचे दोन-चार बारीक तुकडे घेतात. त्यास कोअर बायॉप्सी म्हणतात. सुईनें रोग पसरतो ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. या सुईमुळें रोग्याचें आयुष्य घटतें असें आढळलेलें नाहीं, उलट तिच्यावांचून केलेल्या शस्त्रक्रियेनें मात्र पुष्कळांचें नुकसान झालें आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं सूनबाईंच्या गांठींत मोठ्या पेशी दिसल्या, रव्यासारख्या बारीक कणांनीं भरलेल्या. ही ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. रशियन विकृतिशास्त्रज्ञ आब्रिकोसॉव्ह यांनीं १९२६ सालीं तिचें वर्णन केलें. मज्जातंतूच्या आवरणांतील पेशींपासून ती उपजते. जिभेवर ती अधिक आढळते, स्तनांत क्वचित्. निरोगी भागांत ती मुळांसारखी शिरते, म्हणून चित्रांत चांदणी उमटते. आवाज गिळते, म्हणून काळा पट्टा पडतो. त्वचेस आंत ओढते, म्हणून हातासही ती कर्करोगाचीच वाटते. घातक मात्र ती क्वचितच असते. अशा वेळीं विकृतिशास्त्रज्ञ व क्ष-किरण तज्ज्ञ यांनीं एकत्र बसून सुईचें उत्तर चित्राशीं जुळतें कीं नाहीं, हें ठरवावें लागतें. येथें जुळलें, कारण ही गांठ अशी सोंगाडी म्हणून प्रसिद्धच आहे. गांठ भोंवतींच्या थोड्या कडेसह काढली, स्तन राहिला.

ही कहाणी आम्हीं कल्पिली आहे. गांठ कल्पित नाहीं. आणि वाचकांनीं येथें एक गैरसमज मुळींच करून घेऊं नये. चांदणीसारखें चित्र दिसलें तर तें बहुतेक वेळां कर्करोगाचेंच असतें. सोंगाडी गांठी थोड्या. म्हणून तर त्यांस विरळा म्हणावयाचें. "आमच्या ओळखीच्या बाईचें कांहीं निघालें नाहीं," या आधारावर तुकडा तपासणें टाळणें म्हणजे लॉटरीच्या भरंवशावर घर चालविणें होय. सुईचें उत्तर सौम्य आलें पण चित्राशीं जुळलें नाहीं, तर पुन्हां तुकडा घेण्यास किंवा गांठ काढण्यास नकार देऊं नये.

सोंगाड्यांच्या पंगतींत आणखीही कांहीं आहेत. फायब्रोमॅटोसिस ही तंतूंची वाढ चांदणीसारखीच दिसते, दूर पसरत नाहीं, पण जागच्या जागीं पुन्हां येते. लहानपणापासून इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही स्त्रियांत कधीं कधीं दगडासारखी कठीण गांठ होते व सोनोग्राफींत तिच्यामागें गडद अंधार पडतो. तुकडा तपासून खात्री झाली कीं ती तशीच ठेवली तरी चालते. मार बसल्यानें होणारी चरबीची गांठ तर शेतीवाडीच्या मुलखांत आठवणींत ठेवावी अशी. गोठ्यांत म्हशीचें शिंग लागतें, मुलाचें डोकें छातीवर आदळतें, बाई दोन दिवसांत विसरते. कांहीं महिन्यांनीं त्या जागीं कठीण गांठ हातास लागते. कधीं ती अंड्याच्या कवचासारख्या पातळ चुन्यानें वेढलेली तेलाची पिशवी दिसते व निदान सोपें होतें. कधीं मात्र चांदणी बनून घाबरविते. याच्या उलटही घडतें, आणि तें अधिक वाईट: गांठ कर्करोगाची, पण मार लागल्याची आठवण सांपडली म्हणून घरानें तिच्यावरच बोट ठेवलें.

क्षयाची गांठ ही खरें म्हणजे ट्यूमर नव्हे, पण आपल्या देशांत तिला वगळतां येत नाहीं. ॲस्टली कूपर या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८२९ सालींच तिचें वर्णन केलें होतें. ती, आणि बाळंतपणानंतर थोड्या वर्षांत तरुण स्त्रियांस होणारी दाहाची गांठ, या दोन्ही चित्रांत कर्करोगाशीं फार मिळत्या असतात, आणि दोन्ही बहुधा औषधानें बऱ्या होतात. तुकडा न तपासतां ज्यांचा स्तन अशा आजारांत गेला, त्यांच्या दुःखास काय म्हणावें?

आमच्या भागांतील वाचक विचारतील कीं, हें सर्व पुण्या-मुंबईस ठीक; येथें काय? इंदापुराहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी या वाटेनें बार्शीस जाऊन पाहावें. तेथें १९८७ सालीं देशांतील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील तीनशेंहून अधिक गांवें तींत आहेत. रोगी रुग्णालयांत येण्याची वाट पाहिली असती तर वही कोरीच राहिली असती. म्हणून नोंद करणारे कार्यकर्तेच गांवोगांव फिरले, लोकांशीं बोलले, संशयित रोग्यांस तपासणीस आणूं लागले. नोंदणीसाठीं केलेल्या या पायपिटीनें एक वेगळेंच काम झालें. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. यंत्र कोणतेंही नवें आलें नव्हतें. कोणीतरी ओसरीवर येऊन बोललें होतें, एवढेंच.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोग याहून मोठा. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षें नजर ठेविली. त्यांपैकीं निम्म्यांची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें तपासणी केली. मॅमोग्राफी नाहीं, कांहीं नाहीं. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताच्या तपासणीनें रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले. पन्नाशीच्या आंत मात्र मृत्युसंख्येंत असा निश्चित फरक दिसला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. सरकारी आरोग्य योजनेंत आज तिशीपुढील स्त्रियांची हातानें तपासणी करण्याची तरतूद आहे. गांवांतील आशाताई त्यासाठीं दारीं आल्या तर त्यांस ओट्यावरून परत पाठवूं नये. चहा द्यावा, आणि घरांतील सर्व स्त्रियांस, सासूबाईंसहि, एकेक करून तपासून घ्यावें. बारामती व इंदापूर येथील सरकारी रुग्णालयांत पहिली तपासणी करवून चिठ्ठी घेतली, म्हणजे पुढचा मार्ग पुष्कळ सोपा होतो.

कांहीं बारीकसारीक सूचना राहिल्या. मॅमोग्राफी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यांत करावी. त्या वेळीं स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशीं कांखेंत व छातीवर पावडर किंवा सुगंधी लेप लावूं नये. त्यांतील कण चित्रांत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात व नसती शंका उपस्थित होते. किरणांची मात्रा अल्प असते. सूर्य, माती व आकाश यांपासून आपणांस कांहीं आठवड्यांत आपोआप मिळते तेवढीच. आणि घरांतील पुरुषमंडळींनींही ध्यानांत ठेवावें कीं, पुरुषांसही स्तनपेशी असतात. आजोबांच्या एका स्तनाग्राखालीं दुखरी चकती लागली तर तीही पुष्कळदा औषधांच्या परिणामानें आलेली निरुपद्रवी वाढ असते; चित्रांत ती स्तनाग्रामागें ज्योतीसारखी पसरलेली दिसते. तीही दाखवावी, हंसण्यावारी नेऊं नये.

शेवटचें, आणि आमच्या मतें सर्वांत दुर्लक्षित. चित्रें जपून ठेवावींत. आपल्या घरांत पणजोबांच्या जन्मपत्रिका पत्र्याच्या डब्यांत सांपडतील, पण दोन वर्षांपूर्वींची मॅमोग्राफी दिवाळीच्या साफसफाईंत रद्दींत गेलेली असते. गांठ वाढली कीं तशीच आहे, हें नव्या चित्रावरून कळत नाहीं, जुन्याशीं ताडूनच कळतें. फिलॉडिससारखी गांठ तर त्यावांचून चित्रांत ओळखणें फार कठीण जातें. आपल्या सूनबाईंनीं तीं फिल्मांचीं पाकिटें, सुईचा अहवाल व शस्त्रक्रियेचा कागद असें सर्व एका कापडांत बांधून पत्रिकांच्या डब्यांत ठेविलें आहे, आणि पुतणीच्या सोनोग्राफीचा कागदही त्यांतच आहे, असें समजावयास हरकत नाहीं.